राखीव सैनिकाच्या नोकरीला राखण कोणाची?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष शिगेला पोचला असताना संरक्षण मंत्रालयाची एक अधिसूचना जाहीर झाली. ६ मे ही तारीख असलेल्या या अधिसूचनेने प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ नुसार लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला सेवेवर बोलावण्याचा अधिकार दिला. या सेनेच्या ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ बटालियन निरनिराळ्या लष्करी कमांडच्या हद्दीत तैनात करण्यालाही मंजुरी मिळाली. आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८, म्हणजे पूर्ण तीन वर्षे. त्या दिवसांत चर्चा रंगली ती या सेनेत अधिकारी असलेल्या महेंद्रसिंग धोनी किंवा सचिन पायलट यांना सीमेवर जावे लागणार का, याची.

खरा प्रश्न ज्यांची नावे बातमीत येत नाहीत त्यांचा होता. बँकेतला अधिकारी, कारखान्यातला फिटर, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, खासगी शाळेतला शिक्षक यांना बोलावणे आले आणि ते गेले, तर परतल्यावर त्यांची जागा त्यांना मिळेल का? मधल्या काळातली बढती, पगारवाढ, भविष्य निर्वाह निधी यांचे काय? भारतीय कायद्याने या प्रश्नांना उत्तर दिलेले आहे, आणि ते पुष्कळांना वाटते त्यापेक्षा चांगले आहे. पण त्या उत्तराला एक मोठे भगदाड आहे. राखीव सैनिकाचा परतीचा हक्क आपल्याकडे सहा महिन्यांच्या पगारात मोडीत काढता येतो. जगातल्या इतर देशांनी हाच प्रश्न कसा हाताळला, हे पाहिले की ते भगदाड का बुजवायला हवे, हे कळते.

दोन प्रकारचे राखीव

राखीव सैनिक दोन वाटांनी तयार होतात. पहिली वाट प्रत्यक्ष सेवा संपवून बाहेर पडलेल्यांची. १८८८ च्या राखीव सेना कायद्यापासून ही पद्धत आपल्याकडे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत अनेक जवानांच्या सेवाअटींत सात वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि आठ वर्षे राखीव, अशी विभागणी असे. जवान गावी परतायचा, शेती किंवा नोकरी करायचा आणि कागदोपत्री सेनेशी बांधलेला राहायचा.

दुसरी वाट उलट्या दिशेने येते. माणूस मुळात नागरिक असतो, त्याचा स्वतःचा पेशा असतो, आणि तो सांभाळून तो वर्षातले काही दिवस गणवेश चढवतो. आपली प्रादेशिक सेना या प्रकारातली. तिची मुळे १९२० च्या ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’मध्ये आहेत. आजच्या स्वरूपात ती १९४८ च्या कायद्याने आली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनी काम केले. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन आहेत. मराठवाड्यात झाडे लावणारी महार रेजिमेंटची पर्यावरण बटालियनही याच सेनेचा भाग आहे.

या सेनेची मूळ कल्पनाच नोकरीवर उभी आहे. अधिकारी व्हायचे तर १८ ते ४२ या वयात उत्पन्नाचे स्वतंत्र साधन असावे लागते. ही सेना पूर्णवेळ उपजीविकेसाठी नाही, असे सरकार स्वतःच सांगते. याचा अर्थ असा की तिचा पाया लष्करी छावणीइतकाच दुकानांत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आहे. तो पाया डळमळला, तर कितीही देशप्रेम असले तरी संसारी माणूस या सेनेत येणार नाही.

कलम ७-अ काय देते

१९४८ च्या कायद्यातील कलम ७ प्रमाणे प्रादेशिक सेनेतील माणसाला तीन प्रकारे बोलावता येते: नागरी प्रशासनाच्या मदतीला किंवा महत्त्वाच्या ठिकाणी पहाऱ्याला, प्रशिक्षणासाठी वा नियमित सेनेच्या जोडीला, आणि नियमित सेनेशी संलग्न करून. कायद्यात नंतर समाविष्ट झालेले कलम ७-अ या सेवेनंतरच्या परतीबद्दल बोलते. सेवा संपल्यावर माणसाला पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. शिवाय मध्ये खंड पडलाच नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या, त्यांहून कमी नसलेल्या अटींवर त्याला घ्यायचे आहे. खासगी आणि सरकारी मालक असा भेद इथे नाही.

मालकाने बोलावण्याचा सुगावा लागताच माणसाला आधीच काढून टाकले, तरी कर्तव्य टळत नाही. बोलावण्याचा आदेश निघाल्यानंतर काढले असेल, तर हेतू कर्तव्य चुकवण्याचाच होता असे कायदा गृहीत धरतो आणि तो तसा नव्हता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकतो. पुढचे कलम ७-ब भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनासारख्या योजनांतले हक्क सेवाकाळात टिकवून ठेवते. १९५२ च्या राखीव व सहायक हवाई दल कायद्यातही याच धाटणीची तरतूद आहे.

माणसाच्या बाजूला मात्र एक अट आहे. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याने मालकाकडे परत घेण्याची मागणी केली पाहिजे. तशी केली नसेल तर मालकाला तो बचाव मिळतो. ही मुदत माहीत नसल्यामुळे हक्क गमावणे सहज शक्य आहे, कारण ती ना नेमणूकपत्रात लिहिलेली असते, ना कंपनीच्या नियमपुस्तिकेत.

सहा महिन्यांच्या पगाराची पळवाट

आता भगदाडाकडे येऊ. मालकाने परत घ्यायला नकार दिला, किंवा कोणत्याही कारणाने ते व्यवहार्य नाही असे सांगितले, तर प्रकरण नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाते. त्या प्राधिकाऱ्यापुढे तीन मार्ग असतात. मालकाला या कर्तव्यातून सूट देणे, त्याला योग्य वाटतील त्या अटींवर माणसाला परत घ्यायला लावणे, किंवा नुकसानभरपाई द्यायला लावणे. या भरपाईची कमाल मर्यादा आहे सहा महिन्यांचा पगार. आदेश मोडणाऱ्या मालकाला दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत.

ही तरतूद झाली त्या काळात हजार रुपये ही रक्कम धाक बसवणारी होती. आज मोठ्या कंपनीत एका दुपारच्या बैठकीच्या चहापाण्याला त्याहून जास्त खर्च होतो. पण दंडापेक्षा गंभीर गोष्ट आहे ती भरपाईच्या मर्यादेची. दहा-बारा वर्षांची नोकरी, तिच्यातली ज्येष्ठता, पुढच्या वीस वर्षांच्या बढत्या आणि ग्रॅच्युइटी या सगळ्याची किंमत सहा महिन्यांच्या पगारावर गोठवली जाते. ज्याला तो माणूस नकोच आहे, त्या मालकासाठी हा स्वस्त सौदा आहे. कायदा ज्याला कर्तव्य म्हणतो, त्याची किंमत तो स्वतःच ठरवून देतो आणि ती किंमत कमी आहे.

दुसरी अडचण कायद्याच्या जागेची आहे. ही तरतूद कामगार कायद्यात नसून संरक्षणविषयक कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी २९ कायदे एकत्र आणले, पण प्रादेशिक सेनेचा कायदा त्यांत नाही. कंपनीचा एचआर विभाग, कामगार संघटना, कामगार आयुक्तांचे कार्यालय यांच्या रोजच्या कामात हा कायदा येतच नाही. ज्याचा हक्क आहे त्यालाच तो शोधून काढून मालकाला दाखवावा लागतो.

तिसरी अडचण दारातच उभी असते. प्रादेशिक सेनेत अधिकारी म्हणून जाऊ पाहणाऱ्या नोकरदाराला मालकाचा ना हरकत दाखला लागतो. मालकाने तो दिलाच नाही तर पुढचे सगळे संरक्षण निरर्थक ठरते. आणि ‘तू प्रादेशिक सेनेत आहेस, उद्या बोलावले तर?’ असे म्हणून नोकरीच नाकारली किंवा बढती डावलली, तर त्याविरुद्ध कलम ७-अ मध्ये काहीच नाही. ते फक्त परतीबद्दल बोलते.

जवानाचे वेगळे दुखणे

अधिकाऱ्यांपेक्षा जवानांचे चित्र वेगळे आहे. प्रादेशिक सेनेची भरती निघाली की कोल्हापुरात हजारो तरुण रांगा लावतात. त्यांतल्या पुष्कळांना पूर्णवेळ सैन्यभरतीत यश आलेले नसते आणि हाताशी पक्की नोकरीही नसते. त्यांच्यासाठी युनिट प्रत्यक्ष सेवेवर असणे हीच नोकरी असते, कारण लष्करी पगार मिळतो तो बोलावलेल्या काळापुरताच. काश्मीर आणि ईशान्य भारतातील कामगिरीमुळे अनेक पायदळ तुकड्या वर्षानुवर्षे सेवेवर राहिल्या. जवानाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी अशा प्रत्यक्ष सेवेची एकूण १५ वर्षे भरावी लागतात. मधेच सेवा थांबली की तो घरी येतो, आणि परत जायला मालकच नसल्यामुळे कलम ७-अ त्याच्या उपयोगाचे नसते.

सरकारनेही या माणसांना नियमित सैनिकांच्या बरोबरीने वागवायला खळखळ केलेली आहे. पर्यावरण बटालियनमधील पानी राम यांना अपघातात पाय गमवावा लागला आणि अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १७ डिसेंबर २०२१ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्यांचा हक्क मान्य केला. स्त्रियांना तर प्रवेशासाठीच झगडावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ यात स्त्रियाही येतात, असा निर्वाळा दिला.

प्रादेशिक सेनेतील सरकारी खात्यांच्या आणि उपक्रमांच्या स्वतःच्या तुकड्यांत परतीचा प्रश्न कमी भेडसावतो, कारण तेथे मालकच सेनेचा भागीदार असतो. तेल कंपन्यांच्या आणि रेल्वेच्या अशा तुकड्या उभ्या राहिल्या. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात गाड्या चालू ठेवण्यासाठी रेल्वेच्या प्रादेशिक तुकड्यांना पाचारण करण्यात आले, तेव्हा कर्मचारी एकाच वेळी संपातला कामगार आणि लष्करी शिस्तीतला सैनिक ठरला. २०१९ मध्ये रेल्वेने आपल्या बहुतेक रेजिमेंट बंद करण्याचा निर्णय घेतला.

अमेरिकेचा सरकता जिना

या विषयावरचा सर्वांत तपशीलवार कायदा अमेरिकेचा आहे. १९४० च्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यातच परतीचा हक्क लिहिलेला होता. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फिशगोल्ड खटल्यात एक तत्त्व मांडले. नोकरी हा सरकता जिना आहे, आणि परतणारा सैनिक जिथे उतरला त्या पायरीवर चढत नाही, तर तो जिन्यावरच राहिला असता तर आज जिथे असता त्या पायरीवर चढतो. आपल्या कलम ७-अ मधील ‘खंड पडलाच नसता तर’ ही शब्दयोजना याच विचाराची आहे. दोन्ही कायद्यांचा गाभा एक आहे, फरक अंमलबजावणीचा आहे.

ऑक्टोबर १९९४ मध्ये तिथे आलेल्या ‘यूसेरा’ या कायद्याने परतीबरोबर भेदभावही हाताळला. सेवेच्या कारणावरून नोकरी नाकारणे, बढती रोखणे किंवा काढून टाकणे हे सगळे बेकायदा ठरवले. सेवा जितकी लांब तितकी परतीची मुदत जास्त: ३१ ते १८० दिवसांच्या सेवेनंतर १४ दिवस, त्याहून अधिक सेवेनंतर ९० दिवस. जखमी माणसाला बरे होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत सवलत. १८० दिवसांहून जास्त सेवा करून परतलेल्याला पुढचे एक वर्ष सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. मालकालाही मर्यादा मिळते: एकाच मालकाकडे असतानाचा एकूण लष्करी सेवाकाळ साधारण पाच वर्षांपर्यंतच मोजला जातो, त्याला काही अपवाद आहेत. परत घेणे अशक्य असल्याचा बचाव मालक करू शकतो, पण तो सिद्ध करणे त्याचे काम. तक्रारीसाठी श्रम खात्याची यंत्रणा आहे आणि थेट न्यायालयातही जाता येते.

न्यायालयांनी या कायद्याला बळ दिले. २०११ च्या स्टॉब खटल्यात राखीव सेनेवर चिडलेल्या वरिष्ठांनी एका रुग्णालय तंत्रज्ञाविरुद्ध खोटे अहवाल दिल्याचा आरोप होता. बडतर्फीची सही करणाऱ्याच्या मनात आकस नव्हता, एवढ्यावर मालक सुटत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २०२२ मध्ये टॉरेस खटल्यात प्रश्न होता इराकमधून फुप्फुसांचा आजार घेऊन परतलेल्या पोलीस कर्मचाऱ्याचा. या कायद्याखाली राज्य सरकारांवरही दावा लावता येतो, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला.

पगार कोणी द्यायचा?

नोकरी टिकली तरी त्या काळात घर कसे चालायचे, हा दुसरा मोठा प्रश्न. याचे सर्वांत सुसंगत उत्तर स्वित्झर्लंडने शोधले. पहिल्या महायुद्धात तिथले नागरिक सैनिक महिनोन्महिने सीमेवर उभे राहिले आणि भरपाईअभावी त्यांची कुटुंबे हलाखीत गेली. १९१८ च्या सार्वत्रिक संपामागच्या असंतोषात त्याचा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात तीच चूक टाळण्यासाठी १९४० मध्ये उत्पन्न भरपाई निधी सुरू झाला. आजही कामगार आणि मालक मिळून पगाराच्या अवघ्या अर्ध्या टक्क्याची वर्गणी भरतात आणि सेवेवर गेलेल्याला पगाराच्या ८० टक्के मिळतात. एखाद्या मालकाचा एकही कर्मचारी सेवेवर गेला नाही तरी तो वर्गणी भरतो, कारण संरक्षण त्यालाही मिळते. शिवाय ११ दिवसांहून लांब सेवा असेल तर तिच्या आधीचे आणि नंतरचे चार आठवडेही कामावरून काढता येत नाही.

इस्रायलमध्ये राखीव सेवेच्या काळातील भरपाई राष्ट्रीय विमा संस्था देते, आणि सेवेत तसेच ती संपल्यावर ३० दिवस नोकरीला संरक्षण असते. ऑक्टोबर २०२३ नंतर लाखो राखीव सैनिक महिनोन्महिने सेवेवर राहिले, तेव्हा मात्र थोड्या काळासाठी आखलेल्या व्यवस्थेवर मोठा ताण आला. युक्रेनने युद्धाच्या सुरुवातीला मालकांना सैनिकाची जागा आणि सरासरी पगार दोन्ही राखायला लावले होते. युद्धाने उद्योग खिळखिळे झाल्यावर जुलै २०२२ मध्ये पगाराची सक्ती काढली, जागा राखण्याची ठेवली. मालकाच्या खिशावर उभे केलेले संरक्षण दीर्घ युद्धात टिकत नाही, हा त्यातला धडा.

आपल्याकडे सेवेवर असताना जवान-अधिकाऱ्यांना नियमित सेनेप्रमाणे वेतन मिळते. नागरी पगार त्याहून जास्त असेल तर फरक भरून निघेल का, हे खासगी क्षेत्रात पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर आहे.

मालकाची बाजू

मालकांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. चाकणच्या मोठ्या कारखान्यात एक माणूस सहा महिने नसला तर काम अडत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाच-सात कुशल माणसे असतात, तिथे एक गेला की कामाच्या तारखा चुकतात. बदली माणूस शोधणे, शिकवणे आणि मूळ माणूस परतल्यावर बदलीला निरोप देणे, हे सगळे त्या मालकालाच करावे लागते.

ब्रिटनने ही बाजू ओळखली. तिथल्या १९८५ च्या कायद्यानुसार राखीव सैनिकाने सेवा संपल्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत लेखी मागणी केली की मालकाने त्याला परत घ्यायचे आणि आधीच्या नोकरीच्या काळानुसार १३, २६ किंवा ५२ आठवडे ठेवायचे. पण धंद्याचे गंभीर नुकसान होणार असेल तर मालकाला बोलावणे पुढे ढकलण्याची किंवा रद्द करण्याची मागणी करता येते. बदली माणसाचा जादा खर्च सरकारकडून मागता येतो. २०१४ च्या संरक्षण सुधारणा कायद्याने छोट्या-मध्यम मालकांना दरमहा माणशी ५०० पौंडांपर्यंत साहाय्य दिले, आणि राखीव सेनेत असल्याच्या कारणावरून काढले तर तक्रारीसाठी लागणारी दोन वर्षांच्या नोकरीची अट काढून टाकली. एका हाताने बंधन आणि दुसऱ्या हाताने आधार देणारा असा कायदा पाळला जाण्याची शक्यता जास्त.

काय बदलायला हवे

या साऱ्या देशांकडे पाहून भारतासाठी चार सुधारणा समोर येतात.

पहिली, सहा महिन्यांच्या भरपाईची मर्यादा काढावी. परत घेणे हा नियम आणि भरपाई हा अपवाद असावा. परत घेणे अशक्य आहे हे मालकाने पुराव्याने दाखवावे आणि भरपाई प्रत्यक्ष नुकसानीइतकी असावी. दंडाची रक्कमही आजच्या काळाला साजेशी हवी.

दुसरी, संरक्षण परतीपुरते न ठेवता नोकरी लागताना आणि बढतीच्या वेळीही मिळावे. ना हरकत दाखला नाकारायचा असेल तर मालकाने लेखी कारण द्यावे आणि त्यावर दाद मागता यावी.

तिसरी, अंमलबजावणी कामगार यंत्रणेकडे यावी. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता आली आणि निकालाला ठरावीक मुदत असली, तर हा हक्क सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल.

चौथी, खर्च वाटून घ्यावा. छोट्या उद्योगांना बदली माणसासाठी साहाय्य आणि मालकाच्या कर्तव्याला पाच वर्षांसारखी वाजवी मर्यादा मिळावी. त्याचबरोबर, ज्या जवानाला परतायला नोकरीच नाही त्याच्यासाठी सेवा थांबल्यावर काही महिन्यांचा आधार आणि रोजगाराची सोय सरकारने करावी, कारण त्याला वर्षानुवर्षे वापरणारा मालक सरकारच आहे.

तोवर हाती असलेला कायदा नीट वापरला पाहिजे. प्रादेशिक सेनेतल्या प्रत्येकाने बोलावण्याच्या आदेशाची प्रत मालकाला देऊन पोच घ्यावी, सेवा संपल्याचा दाखला जपून ठेवावा, आणि दोन महिन्यांची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात परत घेण्याची लेखी मागणी करावी. कामगार संघटनांनी कलम ७-अ आपल्या करारांत उतरवावे. कंपन्यांनी ते आपल्या सेवानियमांत छापावे. महाराष्ट्र शासन आणि राज्यातल्या सहकारी संस्था, बँका, शिक्षण संस्था यांनी कायदा बदलण्याची वाट न पाहता पगारातला फरक भरून देण्याचे ठरवले, तर खासगी मालकांपुढे उदाहरण उभे राहील. जो माणूस नोकरी आणि गणवेश ही दोन्ही ओझी स्वेच्छेने उचलतो, त्याच्या नोकरीची राखण करण्याचे काम एकट्या मालकाचे किंवा एकट्या त्या माणसाचे नाही. त्याच्यामुळे निर्धास्त राहणाऱ्या सगळ्यांचे ते आहे, आणि त्याची सुरुवात संसदेने केली पाहिजे.